सत्तरपैकी बासष्ट

"सत्तरपैकी? शंभरपैकी काहून नाही?"

वानखडे सरांनी हे विचारलं तेव्हा टेबलावर मलमलीच्या चिंधीत व्हिक्टोरिया राणीची सोन्याची मोहर होती, आणि ग्रेडिंग म्हणजे काय हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगत होते. सर अकोल्याच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. मी अमरावतीत जुन्या नाण्यांची पारख करते.

"जगभर सत्तरच आहे, सर."

"पासिंग कितीले?"

"पासिंग नसतं."

"मंग परीक्षा कायची?"

ग्रेडिंग म्हणजे जुनं नाणं एका संस्थेकडे तपासायला पाठवायचं. नाणं खरं आहे का, किती झिजलंय, ओरखडे किती, हे तिथले लोक बघतात आणि नंबर देतात. मग नाणं आणि नंबराची चिठ्ठी कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमची सील करतात. ह्या डबीला आम्ही स्लॅब म्हणतो. स्लॅब फोडला की नंबर संपला.

हे सगळं करावं की नाही, हाच खरा प्रश्न असतो. फी लागते, चार-सहा महिने जातात. साधं, झिजलेलं नाणं असेल तर मी सरळ सांगते, सराफाला विका आणि मोकळे व्हा. पण ही मोहर सरांच्या आईनं ट्रंकेच्या तळाशी गुंडाळून ठेवली होती आणि धाकापायी तिला कुणी बोटही लावलं नव्हतं. राणीच्या मुकुटावरची नक्षी कालच कोरल्यासारखी दिसत होती. असं नाणं हौशी संग्राहक सोन्याच्या कितीतरी पट देऊन घेतात, पण नंबर बघून.

आणि सरांना वानखडे काकूंचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. सराफाच्या भावात एक गुडघा बसत होता. चांगली ग्रेड आली तर दोन्ही.

सरांनी ठरवायला तीन खेपा घेतल्या. पहिल्या खेपेला त्यांनी परीक्षकाचं क्वालिफिकेशन विचारलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "पाठवायच्या आधी जराशी तयारी करून घेऊ का? चिंच लावून?" मी जवळजवळ ओरडलेच. धुतलेलं, घासलेलं नाणं तज्ज्ञाला लगेच कळतं आणि मग नंबरच मिळत नाही, नुसता 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो.

"म्हणजे कॉपी केस," सर गंभीरपणे म्हणाले. त्यांना ते एकदम पटलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी फॉर्मवर सही केली. मोहर गेली. पुढचे पाच महिने त्यांचा दर सोमवारी फोन, निकाल लागला का म्हणून.

निकाल लागला. बासष्ट. फार चांगला नंबर. सरांनी फोनवरच हिशोब केला आणि म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी टक्के. डिस्टिंक्शन आहे, मॅडम."

मी नागपूरचे एक संग्राहक, अग्रवालजी, यांच्याशी बोलून भाव ठरवला. दोन गुडघे आरामात बसत होते. रविवारी अग्रवालजींनी आणि मी अकोल्याला सरांच्या घरी जायचं ठरलं. तेवढ्यात शुक्रवारी सर मोहर न्यायला माझ्या ऑफिसात हजर.

"दोन दिवस घरी ठेवतो. गुणपत्रिका घरी दाखवायले नको?"

मी दिली. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? वर मीच म्हणाले की काही काळजी नाही, स्लॅब असातसा फुटत नाही. माझं हे वाक्य मला अजून छळतं.

रविवारी सरांच्या दारात रांगोळी होती. शेजारपाजारचे लोक पेढे खात उभे होते. आत पाटावर तबक, तबकात नवा खण, आणि खणावर मोहर. उघडी, ओली, हळदीकुंकवानं माखलेली आणि नव्या पितळी नळासारखी चकचकीत. भिंतीवर एक लहानशी फ्रेम टांगली होती. तिच्यात नंबराची चिठ्ठी.

"स्लॅब?" मी विचारलं.

"बत्त्यानं फोडला," काकू म्हणाल्या. "लय चिवट होता. तिसऱ्या ठोक्याले फुटला."

सर त्या वेळी पेढे वाटत हिंडत होते म्हणे.

अग्रवालजींनी खिशातून भिंग काढलं. राणीच्या कानात कुंकू. गालावर राखेनं घासल्याचे बारीक ओरखडे. कडेला बत्त्याची एक खोच. त्यांनी भिंग परत ठेवलं आणि पेढा खाल्ला.

"पण बासष्ट तर पडलेच ना?" सर फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले. "पोरगं परीक्षा झाल्यावर आजारी पडलं, तर आपण त्याचे मार्क कापतो काय?"

"ही चिठ्ठी ह्याच मोहरेची, हे कशावरून?" अग्रवालजींनी विचारलं.

"मी अटेस्ट करून देतो."

अग्रवालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"रिचेकिंग?" सरांनी हळूच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. काय शेरा येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. ते खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

मला भयंकर राग आला होता. "काकू, असं का केलंत हो?"

"बैल इकतानी बी आपण त्याचे पाय धुतो, कुकू लावतो," काकू म्हणाल्या. "ही त माह्या सासूची वस्तू. तशीच कोरडी घालवू का?"

"पण ती डबी फोडायची नव्हती."

"मले कोणं सांगतलं? यायनं घरी येऊन बासष्ट पडले येवढंच सांगतलं. तुमी दोघं वर बोलत बसले. मी तिन्ही खेपेले खाली ऑटोत बसून होती. तुमचा जिना माह्यानं चढवत नाही."

सर दर वेळी काकूंना अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवायला आणायचे आणि परतताना माझ्याकडे यायचे. हे मला तेव्हा कळलं. माझा राग जागच्या जागी विरला आणि त्याच्या जागी नुसती लाज उरली.

अग्रवालजी भला माणूस. सराफापेक्षा थोडा वरचा भाव देऊन त्यांनी मोहर घेतली, पुरणपोळी जेवले, आणि काकूंनी दिलेला नारळ घेऊन नागपूरला गेले. महिन्याभरात काकूंचा उजवा गुडघा बदलला. डावा तसाच आहे.

ग्रेडिंग करावं की नाही हे विचारायला अजूनही लोक येतात. मी नाणं नंतर बघते. आधी विचारते, सोबत कोण आलंय, आणि खाली ऑटोत कुणी असेल तर भिंग आणि फॉर्म घेऊन जिना उतरते.