कॉफी आली!

लॅबमधले किस्से बाटलीच्या तळाशी गाळ साचावा तसे साचतात. बाटली हलवली नाही तर कुणाला त्रास नाही. पन्नासच्या दशकात मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आज ती बाटली थोडी हलवतो.

*

तांब्यावर नायट्रिक ॲसिड पडलं की तपकिरी धूर निघतो. नायट्रोजन डायऑक्साइड. आमचे सर पहिल्याच तासाला सांगायचे, "हा वायू फार सभ्य आहे. थोडं खोकवतो, मग घरी जाऊ देतो. सात-आठ तासांनी छातीत पाणी भरतो."

मागून एकाने विचारलं, हे परीक्षेला येतं का.

"तुम्ही परीक्षेला येणार का, ते हा ठरवतो."

*

धूर जायला काचेचं कपाट होतं, त्यावर चिमणी. चिमणीत कबुतरांचं घरटं. दुरुस्तीचा अर्ज वर पाठवला. उत्तर आलं, कबुतरांची संख्या कळवा. आम्ही कळवलं, दोन.

पुढच्या प्रॅक्टिकलनंतर सुधारित पत्र पाठवलं: शून्य. वरून शेरा आला, प्रकरण मिटलं. घरटं तिथंच राहिलं.

*

शेजारीच प्रिन्सिपॉलची खोली. "धूर, धूर" असा ओरडा झाला की ते चिडायचे, कॉलेजचं नाव जातं म्हणून. धुराचा रंग अगदी फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनसारखा, म्हणून मी नवा शब्द काढला. "कॉफी आली!" म्हटलं की सगळ्यांनी बाहेर पळायचं.

एकदा प्रिन्सिपॉलनी दारात डोकावून विचारलं, मला नाही का कॉफी?

सर म्हणाले, "तुमच्यासाठी राखून ठेवलीय."

*

आमचा अटेंडर गोविंदअण्णा. पूर्वज तंजावरच्या दरबारी, हा आमच्या टेस्ट-ट्यूब धुवायचा. माझ्याशी जुन्या वळणाचं मराठी बोलायचा. जन्मभर तपकीर ओढून नाकाने राजीनामा दिलेला. मी एकदा त्याच्या डबीत मिरपूड भरली. चिमूट ओढून म्हणाला, "आज माल बरा आहे."

नंतर त्याला कळलं. तेव्हापासून माझ्या एकाही शब्दावर त्याने विश्वास ठेवला नाही.

*

एका सकाळी तांब्याच्या किसाच्या ट्रेमध्ये ॲसिडची बाटली फुटली. सर रजेवर. "कॉफी आली!" आम्ही सगळे बाहेर. अण्णा फडकं घेऊन आत.

मी दारातून हाका मारल्या. आतून तो म्हणाला, "वास येतो त्याला बाधतं. मज वासच येत नाही."

बाहेर आला, दहा मिनिटं खोकला, मग ठणठणीत. मी म्हटलं, आत्ता दवाखान्यात चल, संध्याकाळपर्यंत छातीत पाणी भरेल. तो हसला. "मिरपूड आठवते मज." आणि जेवायला घरी गेला.

पाचला कॉलेज सुटलं तसा सायकल मारत अण्णाचं गाव, दारासुरम्, गाठलं. आतून ओला खोकला ऐकू येत होता. अण्णाची बायको, आमच्या वैनी, दारात आल्या. म्हणाल्या, दुपारी दम लागला म्हणून डॉक्टरकडे जाऊन आलो.

"काय झालं म्हणून सांगितलं त्यांना?"

"यांनीच सांगितलं, लॅबातली कॉफी छातीत गेली. डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. कॉफी बंद."

मी म्हटलं, वैनी, थट्टा नाही, जटका-घोडागाडी आणतो, मोठ्या इस्पितळात न्यायला हवं.

"तुमची थट्टा मज ठाऊक आहे," म्हणत त्यांनी माझ्या हातात कॉफीचा टंबलर ठेवला. "यांच्या वाट्याची तुम्ही घ्या."

आतला खोकला थांबला.

"बघा," वैनी म्हणाल्या, "लागू पडलं औषध."