यमुनाकाकूचा अंगठा

सन एकोणीसशे चौसष्ट. माझं वय तेव्हा बत्तीस, आणि खामगावकडच्या आमच्या त्या गावात माझ्याएवढं शहाणं माणूस दुसरं नव्हतं. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, पण त्यानं कधी काही अडलं नाही.

शेजारी यमुनाकाकू राहायची. अंगावर नागिणीचे फोड उठले की लोक तिच्याकडून गेरू लावून घ्यायचे. तिची एक खोड होती. कोणीही आलं की आधी "पाठ कर" म्हणायची आणि मानेपासून कमरेपर्यंत मणक्यावरून अंगठा ओढायची. फोड नंतर पाहायची. मी कुंपणावरून चिडवायचो, "काकू, बैल घ्याचा हाय काय?"

"बैल बरा असते रे किसना. खोटं बोलत नाही."

त्या वर्षी माझ्याच कमरेला फोड उठले. दोन्ही अंगांनी, पाण्यानं भरलेले, नुसती आग. पाहायला आलेल्यांनी नागीण ठरवून टाकली. नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस जातो, हे आमच्याकडं लेकरांनाही माहीत. बेंबीपाशी चार बोटं जागा उरली होती आणि जो तो ती मोजून जायचा. बायकोनं जेवण सोडलं. माझ्याही घशाखाली घास उतरेना. शेवटी मी गुमान काकूच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"काऊन रे, बैल पाह्याले आला काय? पाठ कर."

अंगठा कमरेपर्यंत आला आणि थांबला. तिनं गेरूची वाटी बाजूला सारली.

"हे नागीण नाही. नागीण एकाच अंगानं चालते, मणका वलांडत नाही. तिचे तोंडं मिळतीन कुठून? अन् फोडाच्या मधात हे काळं कायचं? बिबा लावला तू, तोच उतून हे फोड आले."

पेरणीत कंबर धरली होती. बायको नको नको म्हणत असताना मीच सुई तापवून बिब्याच्या फुल्या ओढल्या होत्या. पण कबूल कोण करतो.

"आमच्या घराण्यात बिबा कोणाले उतत नाही."

"बरं. मंग नागीणच. उद्यापर्यंत मिळतीन तोंडं. बहिणीले बोलावून घे."

मी तिच्या कोंबड्यांकडं तोंड फिरवलं. मग म्हणालो, "थोडासा लावला होता."

ती हसली नाही, त्याचंच जास्त लागलं. खोबरं वाटून लावायला दिलं. फोड फोडायचे नाहीत, घासलेट लावायचं नाही. ताप चढला तर गाडी जुंपून सरळ दवाखाना. "मले हाक मारू नको."

"मंग लोकाइले गेरू काऊन लावतं तू?"

"नागीण आपल्यानंच उतरते. गेरू मनातलं भेव काढ्याले हाय. माह्या माणसाले असेच दोन्हीकडून फोड उठले होते. तोंडं मिळतीन म्हणून त्यानं अन्नपाणी सोडलं अन् गेला. त्याच्या पाठीवर हात फिरवून कोणी पाह्यलं नाही. म्याबी नाही."

मी उठताना म्हणाली, "उद्या चावडीवर सांग, बिबा होता म्हणून. तुह्या पायी अर्धं गाव भेलं."

काकूला जाऊन आता किती वर्षं झाली. आमच्या घरात कोणाच्या अंगावर काही उठलं, की आधी मी अंगठा ओढतो. नातवंडं हसतात.

काकूच्या ओसरीवरून आलो, त्या रात्री मी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो ते तडक चावडीवर. सगळ्यांसमोर सदरा वर केला आणि सांगितलं, "नागीण नाही. बिबा उतला." लोक हसले. हसू दिलं. फक्त बिबाच खराब निघाला, एवढं मात्र वरून सांगितलं.