डोंबिवलीचा वाद्यवर्ग आणि माझी वेताची काठी

सकाळी सातला मेल कल्याणला लागली आणि मी व्हायोलिनची पेटी, वळकटी आणि वेताची काठी एवढ्या सामानानिशी फलाटावर उतरलो. काठीची ओळख आपल्या गावात कुणाला करून द्यायला नको. दीड वीत लांब, मुठीला चांदीची कडी, सरकारांनी स्वतःच्या हाताने दिलेली. तिच्या इशाऱ्यावर दरबारच्या बँडचे तीस वादक वीस वर्षे उठत-बसत होते. पुढे संस्थान विलीन झाले, बँड मोडला, वाद्ये कोठीत गेली आणि काठी माझ्या ट्रंकेत गेली. वाद्यवृंदावाचून त्याचा संचालक म्हणजे वऱ्हाडावाचून व्याही, मान कुणी द्यायचा? मी निघालो त्या दिवशी चौकातल्या मंडळींनी विचारलेच होते, "मास्तर, आता कुणाला काठी दाखवायला निघालात?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे लिहितो आहे.

फलाटावर दिगंबरपंत घ्यायला आले होते. हे डोंबिवलीचे राहणारे, मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला, आणि दिलरुबा वाजवणारे. कधीकाळी उत्सवात त्यांनी आपला बँड ऐकला होता, त्या आठवणीवर त्यांनी मला वाद्यवर्ग घ्यायला या असे पत्र घातले होते. पुढच्या लोकलने आम्ही डोंबिवलीला आलो. स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर माझे नाव दिसले आणि मी थबकलो. "उन्हाळी वाद्यवर्ग, तीन आठवडे. समारोपाचे दोन जलसे, शनिवारी ठाण्यास, रविवारी कल्याणास." खाली माझे नाव, विताएवढ्या अक्षरांत. ज्यांचे तोंडही मी पाहिले नव्हते त्यांचे जलसे ठरून बसले होते.

"जाहिरात जरा आधीच लावली," दिगंबरपंत म्हणाले.

"वादक किती?"

"बावीस."

"लिहिलेलं संगीत वाचून वाजवणारे?"

दिगंबरपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "चार. पण सगळे तयारीचे आहेत हो."

मी रागीट माणूस आहे हे आपण जाणताच. तिथल्या तिथे परतीचे तिकीट काढणार होतो. पण दिगंबरपंतांनी पुढची गोष्ट सांगितली आणि मी वळकटी पुन्हा उचलली. ठाण्यात अण्णासाहेब नावाचे एक वकील आहेत, एका शाळेचा सारा कारभार त्यांच्या हातात. जलसे पसंत पडले तर दर उन्हाळ्यात हा वर्ग त्यांच्या शाळेत भरेल आणि या बावीस जणांचा कायमचा वाद्यवृंद होईल, असा शब्द त्यांनी दिला होता. त्या वाद्यवृंदाचा संचालक मी. पंचावन्नाव्या वर्षी असा शब्द पुन्हा कोण देणार होते?

डोंबिवली हे तेव्हा बैठ्या घरांचे, विहिरींचे गाव. घरामागे आंब्याची झाडे, त्यांच्यामागे उन्हाने भेगाळलेली भातखाचरे. दिगंबरपंतांच्या घरी पहिल्याच दुपारी फणसाची भाजी आणि कोयाडे (पिकल्या रायवळ आंब्यांची आंबटगोड आमटी) खाल्ले आणि राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा वर्गासाठी राखून ठेवला.

वर्ग डोंबिवलीच्या शाळेच्या मोठ्या खोलीत भरला. पहिल्या रांगेत सुशीलाबाई, याच शाळेत गणित शिकवणाऱ्या, समोर जलतरंगाचे चौदा पेले अर्धवर्तुळात मांडून बसलेल्या. पाण्याच्या थेंबाचाही हिशेब ठेवणाऱ्या बाई. तबल्यावर कल्याणजवळच्या मोहने गावच्या कारखान्यातले विष्णू गुरव. मागच्या रांगेत खाडीकाठच्या गावातले बाळाराम पाटील, लग्नाच्या बँडचे म्होरके, हातात कॉर्नेट (आखूड पितळी बिगूल) आणि सोबत आपली पाच माणसे. बाकीचे कोणी पोस्टातले, कोणी कोर्टातले.

मी काठी उचलली आणि बावीसांपैकी अकरा जणांनी डोळे मिटले.

मला वाटले, प्रार्थना चालली आहे. थांबलो. मग कळले की ही मंडळी वाजवतातच डोळे मिटून. भजनात वाढलेल्या माणसाला सुरात शिरायचे तर पापण्या मिटाव्याच लागतात. उरलेले अकरा जण डोळे उघडे ठेवत, पण बहुतेक बघत विष्णूंच्या तबल्याकडे. माझ्या काठीकडे पाहणारी एक सुशीलाबाईच, त्याही काठी चुकली की भुवई उंचावायच्या.

"दिगंबरपंत, डोळे."

"हो हो," म्हणून ते डोळे उघडत आणि चौथ्या सुराला पुन्हा मिटत. मी ओरडलो, रुसलो, एकदा तर काठी टेबलावर आपटली. तरी एक गोष्ट कबूल करतो. या लोकांचे सूर लखलखीत होते. भूप रागावर मी बांधलेली वीस मिनिटांची रचना त्यांनी कागदावरून नव्हे, कानावरून उचलली. तिसऱ्या आठवड्यात ती अशी वाजू लागली की शाळेच्या कुंपणाशी माणसे थांबायची.

मध्ये एका रविवारी बाळारामांनी जेवायला नेले. वाट खाजणातून (खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या जमिनीतून) जाते, पायाखाली मिठाची पांढरी साय कुरकुरते. त्यांच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि जवळा (अगदी बारीक वाळवलेली कोळंबी) वांग्यात शिजवलेला, असा बेत होता. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्यांच्या आई पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर लय बारीक हाय, पन खातंय बरा." एवढे कौतुक माझ्या संगीताचेही कुणी केले नव्हते.

शनिवारी ठाण्याला गेलो. ठाण्याच्या अलीकडे खाडीवरून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी चमकते; बावीस जण वाद्यांच्या पेट्या मांडीवर घेऊन बसले होते. तळ्याकाठून अण्णासाहेबांच्या शाळेपर्यंत चालत गेलो. सभागृह भरलेले, पहिल्या खुर्चीवर अण्णासाहेब, काळा कोट, पांढऱ्या मिशा.

सुरुवात सुरेख झाली. दहा मिनिटे काठी हवेत आणि माझी छाती तिच्याहून वर. मग दिलरुब्याची ओळ आली. दिगंबरपंतांनी ती अशी वाजवली की अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारून मोठ्याने म्हटले, "वाहवा, क्या बात है."

आता आपल्याकडच्या मैफलीचा शिष्टाचार असा, की दाद मिळाली ती जागा पुन्हा घेऊन दाखवायची. दाद देणाऱ्याकडे लक्ष न देता पुढे जाणे म्हणजे उद्धटपणा. दिगंबरपंतांनी मिटल्या डोळ्यांनीच मान लववली आणि ओळ पुन्हा घेतली. त्यांच्या शेजारचे सहा जण सभ्य माणसे, तेही मागे वळले. सुशीलाबाई आणि बाळारामांचा बँड ठरल्याप्रमाणे पुढे निघून गेले. विष्णूंना कुणाबरोबर जावे कळेना, म्हणून त्यांनी हात उचलला. मी काठी हलवत होतो, पण एकाच वेळी दोन गावांना जाणाऱ्या गाड्यांना मी कोणता सिग्नल देणार? अर्धे वादक एका जागी संपले, अर्धे पाऊण मिनिटाने. लोकांनी मोठ्या मनाने टाळ्या दिल्या, त्या जास्त लागल्या.

अण्णासाहेब मागे भेटायला आले. ही पडझड आपल्याच 'वाहवा'ने झाली याचा त्यांना पत्ता नव्हता. "मास्तर, सूर उत्तम, पण मेळ कुठाय? उद्या मी कल्याणला मेहुण्यांकडे आहेच. येईन ऐकायला. आजच्यासारखंच झालं तर मात्र वर्गाचा विषय तिथेच संपला असं समजा."

दिगंबरपंतांच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्यांना रागवायचे होते, पण मी नुसता त्यांचा दिलरुबा उचलून पेटीत ठेवला. तीस वादक हाकणारा मी, बावीसांपुढे तोंडघशी पडलो होतो आणि मला त्याची मनापासून लाज वाटत होती.

रात्र ठाण्यालाच काढून रविवारी सकाळी वाद्ये आणि आम्ही एका लॉरीत बसून मुंब्र्यावरून कल्याणकडे निघालो. एका बाजूला डोंगराचा काळा कडा, दुसरीकडे खाडी. शीळफाट्याला लॉरीचे इंजिन तापून वाफा टाकू लागले. ड्रायव्हर पाणी आणायला गेला आणि आम्ही एका झाडाखाली बसलो. तेवढ्यात सुशीलाबाईंनी पेटी उघडली. चौदाही पेले शाबूत होते, पण वाजवायच्या दोन काड्यांपैकी एक मोडली होती. लॉरीच्या धक्क्याने मोठा ढोल काड्यांच्या पिशवीवर बसला होता.

"एका हाताने जलतरंग होत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. गणिताचे उत्तर सांगावे तसे.

बाळाराम माझ्यापुढे येऊन उकिडवे बसले. त्यांच्या आगरी बोलीत ळ चा ल होतो आणि शब्दामधल्या ड चा र.

"मास्तर, एक बोलू? वरातीन आमचा आसा नाय होत. नवऱ्याचा घोरा थांबला, म्होरं पोरा नाचाला लागली, का म्होरक्याची टाली. टाली झाली का तोच तुकरा परत, समद्यांनी. हात वर गेला का म्होरं चला."

"आणि डोळे मिटलेले असले तर?"

"डोले मिटलं, कान कुठं मिटलं?" मग माझ्या हाताकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पन तुमचे हातान काठी. टाली कशी वाजवाल?"

मी काठीकडे पाहिले. वीस वर्षे ती माझा मान होती. खोटे कशाला बोलू, ती खाली ठेवणे मला जड गेले. मग सुशीलाबाईंपुढे धरली. "बाई, ही चालते का बघा."

त्यांनी चांदीच्या मुठीकडून धरून तिचे टोक सर्वात लहान पेल्यावर टेकवले. पाणी नसलेला पेलासुद्धा किणकिणला. "जरा लांब आहे," त्या म्हणाल्या, "पण हलकी आहे. चालेल."

शीळफाट्यावर त्या झाडाखाली आम्ही दीड तास तालीम केली. मी मोकळ्या हातांनी टाळी देत होतो, हात उंचावत होतो. विष्णू मध्येच "वाहवा" ओरडायचे आणि बावीस जण एकदम मागे फिरायचे. दिगंबरपंतांचे डोळे मिटलेलेच होते आणि मी त्यांना एकदाही हटकले नाही. लॉरीचे इंजिन केव्हाच थंड झाले होते, पण ड्रायव्हर आम्हाला उठवायला आला नाही, तिथेच उभा राहून ऐकत होता.

कल्याणला एका शाळेच्या पटांगणात सहाला जलसा सुरू झाला. खाडीकडून वारा येत होता, माणसे चटयांवर दाटीने बसली होती. अण्णासाहेब पहिल्या रांगेत. मी रिकाम्या हातांनी उभा राहिलो तेव्हा मला कपडे न घालता आल्यासारखे वाटले.

दिलरुब्याची ओळ आली. दिगंबरपंतांनी कालच्यापेक्षा गोड वाजवली. अण्णासाहेबांचा हात मांडीकडे जाताना मला दिसला.

"वाहवा."

मी टाळी वाजवली. बावीसच्या बावीस वळले. दिलरुबा, बासऱ्या, बाळारामांची कॉर्नेट, विष्णूंचा तबला, सगळे त्या ओळीच्या पहिल्या सुरावर एकदम येऊन उभे राहिले, आणि त्यांच्यावर जलतरंगाचे थेंब. पटांगणातून एकच हुंकार उठला. आता दाद शंभर तोंडांतून आली. मी पुन्हा टाळी दिली, ते पुन्हा फिरले. तिसऱ्यांदा अण्णासाहेब बसल्या जागी उठून उभे राहिले. मग मी हात वर केला आणि ती सारी वरात पुढे निघाली, ती शेवटच्या सुरापर्यंत एकत्र चालली आणि एकत्र थांबली. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत.

"काल काय झालं होतं हो?" अण्णासाहेबांनी नंतर विचारले.

"काल आम्ही तुम्हाला मान द्यायला चुकलो," मी म्हणालो. ते काही समजले नाहीत, पण त्यांनी खिशातून डायरी काढली आणि पुढच्या उन्हाळ्यात वर्ग कधीपासून धरायचा ते विचारले.

दोन दिवसांनी मी परतीच्या गाडीत बसलो. सोबत पेटी, वळकटी आणि बाळारामांच्या आईने बांधून दिलेला जवळा. गावात उतरलो तर चौकातली मंडळी होतीच. "मास्तर, सरकारांची काठी कुठे विसरलात?"

विसरलो नाही. डोंबिवलीला सुशीलाबाईंच्या पेटीत ठेवून आलो आहे. वीस वर्षे त्या काठीने तीस माणसांना वाजायला लावले, पण ती स्वतः कधी वाजली नव्हती. कल्याणच्या पटांगणात तिचा खरा सूर मी पहिल्यांदा ऐकला. फार गोड आहे हो.