उंच पुलावरचा श्वास

निपाणीहून निघताना पिशवीत भाकरी, ठेचा आणि अंगाऱ्याची पुडी घेतली. बेंगळूरला कंपनीत कामाला असलेली माझी मुलगी ज्योती तीन आठवडे कामावर गेली नव्हती. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उंच पुलावर बस चढली की तिचा श्वास अडकायचा, हातपाय गार पडायचे. सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी जाणार होती.

रविवारी सकाळी चामराजपेटेतल्या तिच्या खोलीवर पोचले. पोर निम्मी झाली होती. मी अंगारा काढला.

"आई, मला कुणी धरलेलं नाही गं."

"मग काय झालंय?"

"भीती वाटते. डॉक्टरीणबाईंनी श्वास शिकवलाय. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मन नाकाशी ठेवायचं."

"एवढ्यानं भीती जाते?"

"खोलीत जाते. पुलावर आकडेच आठवत नाहीत."

तिनं मलाही करायला लावलं. जमेना. तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं नाकावर पदर बांधून काम केलं. धूळ आत जाऊ नये म्हणून श्वास चोरूनच घ्यायची सवय.

"अगं, श्वास घेतेस का लाजतेस?" ज्योती हसली.

संध्याकाळपर्यंत थोडं जमलं. छातीवरचा दगड कुणी बाजूला केल्यासारखं वाटलं.

सोमवारी कोपऱ्यावर तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) खाल्ली. ज्योतीनं अर्धी तशीच ठेवली. बसमध्ये ती खिडकीशी, मी मधे. "स्वल्प सरीरी, अक्का" (जरा सरका) म्हणत एक बाई कडेला टेकली. आम्ही मायलेकी एकमेकींना चिकटलो.

पुलावर धुकं होतं. मध्यावर बस थांबली, इंजिन बंद झालं. खाली शहर नाही, पुढे रस्ता नाही. कानात वायरी घातलेली माणसं डोळे मिटून बसली होती, कुणीतरी मांडून ठेवल्यासारखी.

"ऐदु निमिष" (पाच मिनिटं), कंडक्टर म्हणाला. त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

ज्योतीचा हात माझ्या हातात गार पडत गेला. मला तिला आकडे सांगायचे होते, पण एवढ्या लोकांत माझं तोंड उघडेना. नाकावर पदर धरून मीच थरथरत होते.

तेवढ्यात कानाशी श्वास ऐकू आला. लांब, संथ. मला वाटलं, पोरीला जमलं! डोळे मिटून मी त्याच्याबरोबर मोजू लागले. चार आत, सहा बाहेर. हळूहळू थरथर थांबली. तिच्या हातात ऊब आली. बस कधी सुटली ते कळलंही नाही.

उतरल्यावर ती म्हणाली, "आई, तू होतीस म्हणून आले. माझा श्वास पार अडकला होता. मग तुझा ऐकू आला, त्याच्या मागंमागं गेले. केवढ्यानं घेत होतीस!"

मी तर तिच्या मागं गेले होते. तो श्वास आमच्या दोघींच्या मधून येत होता, आणि मधे बोटभरही जागा नव्हती.

ती कंपनीच्या फाटकातून आत गेली. दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहिले.

निपाणीला घरी आल्यापासून रोज सकाळी उंबऱ्याशी बसून श्वास मोजते. चारचौघांत बोलताना छाती धडधडायची, ते कमी झालंय. झोप लागते. एवढ्याशा गोष्टीत एवढं बळ असतं हे आधी कळलं नव्हतं. कधीकधी मोजताना शेजारी आणखी कुणीतरी मोजतंय असं वाटतं. तेव्हा मी डोळे उघडत नाही.

काल ज्योतीचा फोन आला.

"आई, रोज एकटी जाते मी. पुलावर अजून तुझा श्वास ऐकू येतो. वेडी झाले का गं मी?"

मी उंबऱ्याशी टेकले.

"नाही गं," मी म्हटलं. "माझाच आहे तो. ऐकत जा."