ईस्टरचा वाटाड्या

"आपण चुकलेलो नाही, आपण फक्त दुसऱ्या घळीत आलोय," असं व्हर्लन रॅसमुसन गेल्या ईस्टरला म्हणाला, आणि ते खरंच होतं. घळ दुसरी होती. पुढे सरळ उभा कडा होता, मागे अख्खं कुटुंब होतं, आणि सगळ्यात मागे त्याची मुलगी जॅनली कडेवरच्या बाळाला बाटलीतलं शेवटचं पाणी पाजत होती. वर आभाळाची चिंधी दिसत होती. ते वाक्य पुढे घरात इतकं चाललं, की व्हर्लनच्या नातीने, ब्रिन्लीने, नाताळला ते सगळ्यांच्या टी-शर्टांवर छापून आणलं. व्हर्लनने आपला शर्ट लगेच अंगात घातला. त्याला तो सन्मान वाटला.

त्याच्या बायकोला, आर्डिथला, त्या शर्टाकडे बघवत नसे. त्या दोन घळी जिथे फुटतात त्या फाट्यावर काय झालं ते फक्त तिलाच माहीत होतं. व्हर्लन तिथे थांबला होता आणि त्याने वळून तिच्याकडे बघितलं होतं. लग्न झाल्यापासून त्याने पडद्यांच्या रंगासाठी तिच्याकडे बघितलं होतं, मुलांच्या नावांसाठी बघितलं होतं, एकदा तर आपल्याला सूप आवडतं का हे विचारण्यासाठीही बघितलं होतं. वाटेसाठी कधीच नाही. तिला त्या फाट्यातलं काही कळत नव्हतं. पण नवऱ्याने बघितलं की मान हलवायची, एवढं तिला येत होतं. तिने मान हलवली आणि सगळे डावीकडे वळले.

व्हर्लनने सॅनपीट खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना गाडी चालवायला शिकवलं. हायस्कुलात त्याचा तोच विषय होता. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे, आणि एरवीही दुसरं कोणी गाडी चालवत असलं की त्याचा पाय तो ब्रेक शोधत राही. त्यामुळे घरची गाडी दुसरं कोणी चालवत नसे. ईस्टरला तो सगळ्यांना गाडीत कोंबून डोंगराच्या पलीकडे, सॅन राफेलच्या लाल खडकांत नेई. खोऱ्यातली निम्मी घरं तेच करतात. अंडी रंगवायची, उतारावरून गडगडत सोडायची, वाळूसकट खायची, आणि दुसऱ्या दिवशी घळीत शिरायचं. मे उजाडला की तिथे माणसाने जायचं नसतं, तेव्हा तिथे डास आणि जर्मन प्रवासी असतात.

घळीत तो पुढे चाले. मागे वळून बघत नसे. कुणाची पावलं कमी झाली ते त्याला कानाने कळे. अरुंद जागी खडकावर तळहात टेकून तो पुढे सरके, आणि मागचा प्रत्येक जण त्याच जागी तळहात टेकून सरके. का, ते कुणी विचारलं नव्हतं. आर्डिथने मुलं पाठीवर बांधून ते केलं, मग मुलांनी आपापली मुलं बांधून केलं. त्या जागा आता गुळगुळीत झाल्यात असं तिला वाटे, पण तसं काही नव्हतं. खडकाला घाई नसते.

हिवाळ्यात एका रविवारी त्याला चर्चमधून घरी यायला उशीर झाला. तो त्यांच्या जुन्या घरासमोर गाडी लावून बसला होता, आणि ते घर विकून युगं झाली होती. आता तिथे राहणाऱ्या बाईने त्याला गाडीच्या खिडकीतून गरम कोको दिला. त्याने तो प्याला, छान झालाय म्हणाला, आणि घरी आला.

"त्या बाईचा कप माझ्याकडेच राहिला," त्याने आर्डिथला सांगितलं.

"कुठल्या बाईचा?"

"आपल्या घरात राहते ती."

आर्डिथने कप धुतला. मग जॅनलीला फोन केला.

"यंदा पुढे तू चाल."

"आई! आणि बाबांना कोण सांगणार?"

"किंबल सांगेल. तो बिशपच्या शेजारी बसतो."

किंबल त्यांचा थोरला मुलगा. चर्चमध्ये तो बिशपचा साहाय्यक होता, म्हणजे दर रविवारी व्यासपीठावरून कुणाला तरी कामावर नेमायचं आणि कुणाला तरी कामातून मोकळं करायचं, हे त्याच्याकडे होतं. "सांगतो की, त्यात काय," तो म्हणाला. तो माणसांच्या तोंडावर काहीच सांगू शकत नाही, हे आईला माहीत होतं. पण घरात सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी सगळे जमले. त्यांच्या चर्चच्या रिवाजाने सोमवारची संध्याकाळ घरच्यांची असते. एक स्तोत्र म्हणून झालं, बेसूर. प्रार्थना झाली. स्वयंपाकघरात आर्डिथने पावाच्या पिठाच्या तळलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, मध घोटलेल्या लोण्यासकट. त्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मिळणार होत्या, आणि सगळ्यांचं निम्मं लक्ष तिकडे होतं.

"आजोबा, यंदा कुठल्या चुकीच्या घळीत जायचं?" ब्रिन्लीने सुरुवात केली.

"जिच्यात तू बोलणार नाहीस अशा."

"बाबा, यंदा ते लोखंडी पातेलं नको," किंबल म्हणाला. "गॅसची शेगडी नेऊ. बटाटे लवकर होतात."

"गॅसवरचे बटाटे इस्पितळात देतात."

"त्या पातेल्याने माझी कंबर गेली."

"तुझी कंबर व्यासपीठावर बसून गेली."

सगळे हसले. व्हर्लन रंगात आला. त्याने मिठाची डबी, मिरपुडीची डबी आणि आर्डिथचा चष्मा जवळ ओढला आणि टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी मध्यभागी ढकलला. कापडाला तीन उंच चुण्या पडल्या आणि त्यांच्यामध्ये दोन खोल घळी तयार झाल्या. मिठाची डबी म्हणजे गाडी. मिरपूड म्हणजे जिथे किंबल लहानपणी विंचवावर बसला होता ती जागा. चष्मा म्हणजे पाणी साठतं ते कुंड. तो बोटांनी चालत होता, आणि कापडात सावल्या पडत होत्या, आणि आर्डिथला क्षणभर वाटलं की आपण उगाच फोन केला. याच्या बोटांना सगळं ठाऊक आहे.

"वर पठारावर पाऊस होऊन घळीत लोंढा आला तर?" जॅनलीने विचारलं. बाळ तिच्या मांडीवर होतं.

"तर आपण घळीत नसू."

"पण पाऊस तिकडे, आपण इकडे. कळणार कसं?"

"मला कळतं."

हे तो दर वर्षी म्हणे, आणि दर वर्षी ते पुरत असे. जॅनली पुढे वाकली.

"बरं, मग यातली आपली कुठली? फाट्यावरून उजवीकडची ना?"

व्हर्लनने कापडाकडे बघितलं. तो टेबलाच्या अलीकडे होता आणि ती पलीकडे, म्हणजे उजवं-डावं उलटं होणारच, असं सगळ्यांनी मनात म्हणून घेतलं. व्हर्लननेही म्हटलं असावं, कारण तो उठला, टेबलाला वळसा घालून जॅनलीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला. तो बराच वेळ बघत होता. बाळाने मिरपुडीची डबी उचलली तरी कुणी काढून घेतली नाही.

मग त्याने हात लांब करून कापड सपाट केलं. नीट, कोपऱ्यापर्यंत.

"तिथे गेलं की कळतं," तो म्हणाला, आणि आपल्या जागी येऊन बसला.

आर्डिथने चष्मा उचलून डोळ्यांवर घातला आणि किंबलकडे बघितलं.

किंबल उभा राहिला. त्या घरात बोलायला कोणी उभं राहत नसे, आग लागली तरी. तो घामाघूम झाला होता, आणि घामाघूम माणसाच्या तोंडी जे सवयीचं असतं तेच येतं.

"बंधू व्हर्लन रॅसमुसन यांनी इतकी वर्षं कुटुंबाच्या ईस्टर सहलीचं नेतृत्व केलं," तो व्यासपीठावरच्या आवाजात म्हणाला, "त्यांना या जबाबदारीतून आभारपूर्वक मुक्त करण्यात येत आहे. ज्यांना त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची आहे, त्यांनी हात वर करून ती दाखवावी."

सगळ्यात आधी हात वर गेला तो व्हर्लनचा.

लहानपणापासून दर रविवारी हे शब्द आले की त्याचा उजवा हात वर गेला होता. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईसाठी, बालवर्गाच्या मास्तरासाठी, कुणाकुणासाठी. नाव ऐकू आलं नाही तरी. हात कोपरातून काटकोनात, तळवा पुढे. त्याच्या मागोमाग खोलीतले सगळे हात वर गेले, आर्डिथचाही. तिने ठरवलं होतं की किंबल सांगेल तेव्हा आपण व्हर्लनचा हात धरायचा. तो आता वर होता.

व्हर्लनने मान वळवून आपल्या हाताकडे बघितलं.

"आजोबांनी स्वतःच..." ब्रिन्ली कुजबुजली.

"गप्प बस गं," कुणीतरी दटावलं.

किंबलला थांबता येत नव्हतं. अशा वेळी मध्येच थांबण्याची पद्धत नाही. जॅनलीचं नाव पुढे आलं, हात पुन्हा वर गेले. "विरोध असल्यास तोही त्याच चिन्हाने दाखवावा." त्यांच्यातल्या कुणी आयुष्यात विरोधाचा हात पाहिला नव्हता. कुणी केलाच, तर नंतर बिशपच्या साहाय्यकाला भेटून कारण सांगायचं असतं. साहाय्यक समोर उभा होता आणि रडायच्या बेतात होता. आर्डिथला आपला हात मांडीवर जड झालेला कळला. तो तिने तिथेच ठेवला.

"बाबा," जॅनली म्हणाली, "तुम्ही मध्ये चाला. आईबरोबर. मध्ये सावली असते."

"घळीत सगळीकडेच सावली असते," व्हर्लन म्हणाला. रागाने नाही. चूक दुरुस्त करावी तसं.

पोळ्या गार होत होत्या. किंबलला शेवटी एक सुचलं, आणि ते त्याने वडिलांचा मान राखण्यासाठीच केलं. "शेवटची प्रार्थना बाबा करतील," तो म्हणाला.

सगळ्यांनी हात छातीशी बांधले, माना खाली घातल्या, डोळे मिटले. बाळाचे हात जॅनलीने बांधून धरले. अशा वेळी व्हर्लन आधी घसा खाकरत असे. सगळे त्या खाकरण्याची वाट बघत होते. मग पत्र्याचा, घडी होण्याचा आवाज आला.

आर्डिथने एक डोळा उघडला. व्हर्लनने आपली घडीची खुर्ची मिटली होती, सभा संपल्यावर चर्चमध्ये पुरुष मिटतात तशी. ती त्याने भिंतीशी सरळ टेकवून ठेवली, घसरत नाही ना ते हाताने बघितलं, आणि डोळे मिटून बसलेल्या आपल्या माणसांमधून, कुणाच्या पायाला धक्का न लावता बाहेर गेला.