धरणाचे कागदोपत्री आजार

माझ्या मालकीचं एक धरण आहे. हे ऐकून माणसं माझ्याकडे आदराने बघतात, आणि एकदा धरण बघितलं की परत येत नाहीत. धरण म्हणजे वडिलांनी शेतातल्या नाल्यावर घातलेली मातीची पाळ. उंची दोन पुरुष, लांबी एका दमात चालून जाण्याइतकी. (माझ्या दमात. आणि तो भुसावळच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं बसून कमावलेला दम आहे!)

रिटायर होऊन अमळनेरजवळ या शेतावर राहायला आलो तो हिच्यासोबत. दुसऱ्याच वर्षी ही गेली. मग दोन खोल्यांत मी आणि रेडिओ उरलो. दिवसभरात स्वतःचा आवाज कानावर पडावा म्हणून मी बातम्यांना उत्तरं देत असे. फार एकटं वाटायचं, पण हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी असतं तर एकटं कशाला वाटलं असतं!

मुलगा दिलीप नाशिकला सरकारी इंजिनिअर, तोही धरणांवरचा. आम्हा बापलेकांना एकमेकांशी बोलता कधी आलंच नाही. मधे त्याची आई असायची. आता त्याचं पत्र यायचं, 'नाना, तब्येत कशी? पाळ कशी?' मी लिहायचो, 'दोन्ही ठीक.' की महिना-दीड महिना सामसूम.

एका श्रावणात सहज लिहिलं, 'पाळीच्या पायथ्याशी थोडी ओल दिसते.' आठवड्याच्या आत उत्तर! दोन पानी! ओल किती, कुठे, वाढते का, आणि शेवटी चक्क 'वेळेवर जेवत जा'. ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

मग मी थांबतो कशाला? फुटक्या पार्सलांवर शेरे मारण्यात माझी हयात गेलेली! भेग लिहिली, दोन पानं आली. खचलेला दगड लिहिला, तीन पानं. माझ्या मते पाळ धडधाकट होती, आजार सगळे कागदावर. दिवाळीनंतर उत्तराला जरा उशीर झाला, तेव्हा लिहिलं, 'झिरपा आता गढूळ येतो.' (नुसता झिरपा फिका वाटत होता. 'गढूळ'ने चव आली.)

त्या पत्राला उत्तर आलं नाही. दिलीपच आला! भाड्याची जीप, चार मजूर आणि कुदळी घेऊन.

"नाना, सामान बांधा."

"आधी चहा तर घे."

"चहा कसला! गढूळ म्हणजे आतली माती वाहतेय. पाळ कधीही बसेल. आजच सांडवा खोल खोदतो आणि सगळं पाणी सोडून देतो."

तळं काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्याच जिवावर खालच्या शेतातल्या कासाअक्काची विहीर आणि हरभरा. अक्काला कुणकुण लागली, ती विळ्यासकट आली.

"कोन फोडी राहिना पाळ? मन्ही इहीर आटी जाई ना!"

"अक्का, झिरपा आहे. नानांनीच लिहिलंय."

"कथा शे? दखाडा माले! मी रोज आठे गवत कापस. बठ्ठं कोल्लं खट शे!"

सगळं कोरडं ठणठणीत आहे म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिलीपने पिशवीतून माझी पत्रं काढली. तारखेवार लावलेली, जागोजागी लाल रेघा! "नाना, भेग कुठली ती दाखवा."

मी पुढे, मागे दिलीप, अक्का, मजूर. बरंच चालून मी एका मुंग्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ही भेग?"

"परवापर्यंत मोठी होती."

"आणि खचलेला दगड?"

"तो... वर आला असेल परत."

एक मजूर तोंड फिरवून खोकला. दिलीप मात्र हसला नाही. "पाण्याशी खेळ नको. सुरू करा रे," म्हणाला. पहिली कुदळ वर गेली आणि माझ्या तोंडून निघालंच, "थांबा! पाळीला काही झालेलं नाही. मला करमत नव्हतं!"

कुदळ वरच राहिली. अक्काने विळा खाली केला. "मंग तसं सांगानं व्हतं ना, नाना," ती एवढंच म्हणाली.

दिलीप पाळीवरच्या माझ्या बाजेवर धपकन बसला. बाजेचा एक पाय कचकन जमिनीत गेला आणि बाजेसकट तो कलंडला! खाली घुशीचं भलंमोठं बीळ, थेट पाळीच्या पोटात गेलेलं. याच बाजेवर बसून मी सगळी पत्रं लिहिली होती. खरा आजार तेवढा एकच, आणि तेवढाच मी लिहिला नव्हता!

दिलीप पाच दिवस राहिला. बीळ खणून काढलं, थरावर थर माती घातली, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकला. पाचही दिवस आम्ही मातीखेरीज कशाबद्दलही बोललो नाही. मला तेवढं पुष्कळ होतं.

जाताना म्हणाला, "नाना, पुढच्या वेळी नुसतं 'ये' लिहा. मी येईन."

जीप गेली आणि घर पहिल्यापेक्षा मोठं झालं. पंधरा दिवस कळ काढली. मग कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'ये.' एवढ्या मोठ्या कार्डावर ते एकटंच अक्षर बघवेना. म्हणून त्याच्या शेजारी एक भेग लिहिली. बारीकशीच.