रकान्यांमधला बांध

रकान्यांचं टेबल करून वेबसाइटचं पान मांडणं आता जुनं झालं, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. जुन्नरच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी अजून तसंच मांडतो. शिनोलीचे दोन भाऊ भीमाशंकरला जाणाऱ्यांना खोल्या देतात. एकाच पानावर मी थोरल्याला डावा रकाना दिला, धाकट्याला उजवा. धाकट्याचा फोटो मोठा निघाला, त्यानं त्याचा रकाना फुगला आणि थोरल्याचा चेपला.

लगेच थोरल्याचा फोन. "भाऊ, तुमीबी बांध कोरायला लागले व्हय?"

हे मात्र झोंबलं. शेजाऱ्याचा बांध कोरून आपलं वावर वाढवणाऱ्याला आमच्याकडे कुणी माफ करत नाही. दोन्ही रकाने पन्नास-पन्नास टक्क्यांवर पक्के केले, फोटो लहान केला आणि मधे मुद्दाम जाड काळी रेघ ओढली. मग दोघांनाही बजावलं, "या, आणि माझ्यासमोर बघा."

आले. थोरल्यानं पट्टी लावून स्क्रीन मोजली. धाकट्यानं पुन्हा मोजली. दोघांचंही समाधान झालं. मग चहा येईपर्यंत दोघं एकाच बाकावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून.